गावची आग आणि ग्रामपंचायतीची देखरेख

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त सरपंच व पंचायत समिती सदस्यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. पुढे जे स्फोट झाले त्यांत अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना कर्तव्य बजावताना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळला जातो. शहरांत या निमित्ताने प्रात्यक्षिके होतात, शाळांतून माहिती दिली जाते. खेड्यांत मात्र हा सप्ताह आला केव्हा आणि गेला केव्हा, हे बहुधा कळतही नाही. वास्तविक आगीच्या दृष्टीने हाच काळ खेड्यांना अधिक धोक्याचा. खळी उरकलेली असतात, वर्षाची वैरण रचून ठेवलेली असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि दुपारचा वारा सुटलेला असतो.

गावात आग लागते तेव्हा नेमके काय जळते, हे आपणांस मी सांगावयास नको. सोलापूरकडे कडब्याची गंज जळते, कोकणात भाताच्या पेंढ्याची उडवी, भंडारा-गोंदियाकडे धानाचे पुंजणे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पट्ट्यात विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासून ठिणग्या पडतात आणि तोडणीला आलेले उसाचे फड पेटतात. कोकणात व मावळात राब भाजताना नजर चुकली की विस्तव डोंगर चढतो, आणि तो वणवा पलीकडच्या आंबा-काजूच्या बागेत उतरतो. विदर्भात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो व रान जळते. शहरातील दुकान जळाले तर विम्याचा काही आधार असू शकतो. गंजीचा विमा कोण उतरवितो? दोन बैलांची पावसाळ्यापर्यंतची वैरण एका तासात राख झाली की आठ दिवसांत ते बैल बाजार दाखवितात. आगीच्या पंचनाम्यात हे दुसरे नुकसान कधीच येत नाही.

आता विचारावयाचा प्रश्न असा की, या आगीची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत ‘अग्निशमन सेवा’ हा विषय स्पष्ट शब्दांत दिला आहे. ही अनुसूची नगरपालिकांची आहे. पंचायतींसाठी ७३ व्या दुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ विषय आहेत. पिण्याचे पाणी आहे, इंधन व चारा आहे, ग्रामीण विद्युतीकरण आहे, ग्रामीण घरबांधणी आहे. म्हणजे जे जळते, ज्यामुळे जळते आणि ज्याने विझते, ते सारे त्या यादीत आले. अग्निशमन तेवढे राहून गेले. या एका उणिवेचे परिणाम दूरवर पोचले आहेत. बंब तालुक्याच्या गावी नगरपरिषदेकडे, किंवा साखर कारखान्याकडे, नाहीतर औद्योगिक वसाहतीत. गावाच्या अंदाजपत्रकात आगीचे शीर्षकच नाही, आणि जे अंदाजपत्रकात नाही ते सभेच्या विषयपत्रिकेवरही येत नाही.

तथापि कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत गावसंरक्षणाच्या कामांत आग विझविण्यास साहाय्य करणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे काम पंचायतीकडे दिलेले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यांवरील व मोकळ्या जागांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेत पंचायत राज्य संस्था अंतर्भूत आहेत, आणि कलम ४१ नुसार आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे व साधनसामग्री सदैव सज्ज ठेवणे हे त्यांचे काम आहे. आपत्तीच्या प्रसंगी साहाय्य देण्याच्या निकषांत पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या जोडीने आगही आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्षपद लोकनियुक्त प्रतिनिधीकडे, म्हणजे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे असते. तेव्हा विचारण्याचे स्थान आपणांस कायद्याने मिळालेले आहे. आजवर त्या स्थानावरून आगीविषयी फारसे विचारले गेले नाही, एवढेच.

ग्रामीण भागात बंब २० मिनिटांत पोचावा असा राष्ट्रीय पातळीवरचा मानदंड सांगितला जातो. तालुक्यापासून २५ किलोमीटर अंतरावरची वाडी, मध्ये घाट, रात्रीची वेळ: तेथे २० मिनिटांचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. गवताच्या गंजीला वा छपराला लागलेली आग पहिल्या पाच-दहा मिनिटांत आटोक्यात आली नाही तर पुढे उरते ते शेजारची घरे वाचविण्याचे काम. म्हणून गावच्या अग्निसुरक्षेचे दोन भाग स्वतंत्रपणे पाहिले पाहिजेत. पहिली दहा मिनिटे गावाची; त्यानंतरचा काळ तालुक्याच्या सेवेचा. देखरेख दोहोंवर हवी, पण तिची रीत निराळी.

पहिल्या दहा मिनिटांत पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो ज्या जागी अडतो ती जागा आपल्या सहसा लक्षात येत नाही. आग लागली की शहाणा माणूस प्रथम डीपीवरून वीज बंद करावयास सांगतो. ते योग्यच आहे, कारण चालू तारांवर पाणी मारणे प्राणघातक ठरते. पण वीज बंद झाली की नळपाणी योजनेची मोटार बंद, विहिरीवरचा पंप बंद. शेतीपंपांची थ्री-फेज वीज तर पाळीनेच येते. म्हणजे ज्या क्षणी पाणी हवे त्याच क्षणी गावाचे सारे पाणी जमिनीखाली अडकून पडते. उरते ते उंचावरच्या टाकीतले, जे आपल्या वजनाने खाली येते. २०१९ पासून जल जीवन मिशनमधून अनेक गावांत नवे जलकुंभ उभे राहिले. त्या जलकुंभाच्या पायथ्याशी मोठ्या व्यासाचा एक व्हॉल्व्ह आणि बंबाच्या नळीला बसेल अशी ६३ मिलिमीटरची जोडणी असेल, तर बंबाला आणि टँकरला तेथेच पाणी भरता येते. काम चालू असताना हे सांगितले तर खर्च किरकोळ. काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यानंतर सांगितले तर त्यासाठी निराळा प्रस्ताव, निराळी मंजुरी. शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळी टाकी पूर्ण रिकामी करावयाची नाही, तळाशी ठराविक पाणी राखावयाचे, हा ठराव ग्रामसभेने करावयाचा असतो. टंचाईच्या गावात असा ठराव करणे सोपे नाही. डोक्यावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘हे पाणी आगीसाठी राखले आहे’ असे कोण सांगणार? म्हणूनच हा निर्णय पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या माथी मारू नये. तो सभेत, स्त्रियांच्या उपस्थितीत व त्यांच्या संमतीने व्हावा.

साधनांच्या बाबतीत गावे वाटतात तितकी रिकामी नाहीत. द्राक्षबागांच्या भागात ट्रॅक्टरवर चालणारी फवारणी यंत्रे आहेत. त्यांना टाकी आहे, दाब आहे आणि वीज लागत नाही. पाण्याचे टँकर आहेत, डिझेल इंजिने आहेत, पाठीवरचे फवारणी पंप तर घरोघर आहेत. कीटकनाशकाचा अंश उरलेला पंप मात्र धुतल्यावाचून वापरू नये. यांतील कोणती वस्तू कोणाकडे आहे, त्या घरी रात्री कोण असते, वायरमनचा आणि बंबाचा दूरध्वनी क्रमांक कोणता, हे एका पुठ्ठ्यावर लिहून ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि दुकानांच्या भिंतीवर लावावे. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणेद्वारे एका दूरध्वनीने गावातील सर्वांच्या भ्रमणध्वनीवर एकाच वेळी सूचना जाते. ती चोरांसाठी म्हणून घेतली गेली असली तरी आगीलाही तितकीच उपयोगी आहे. एक माणूस फाट्यावर उभा करणे ही साधी गोष्ट तर अनेकदा राहूनच जाते. शहराचा चालक वाडीचे नाव विचारीत फिरतो आणि इकडे आढी जळते.

घरातील विस्तवाचे रूप बदलले आहे, हेही ध्यानात घ्यावे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर लक्षावधी घरांत चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. धूर गेला, बायकांचे डोळे वाचले, हे मोठेच काम झाले. पण गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. दिव्याचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडून द्यावयाच्या असतात, हे प्रत्येक घरात पोचलेले नाही. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघराकडे तर विशेष लक्ष हवे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग गवती छपराला लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने देशातील शाळांतून अग्निशमन साधने बसविण्याचे व शिक्षकांना ती चालविण्याचे प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले. आपल्याकडे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशु कक्षात लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली. हे स्मरण करून देताना संकोच वाटतो. पण शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र या आपल्याच ताब्यातील वास्तू आहेत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. आपल्या इमारतींबाबत ते सादर झाले काय, हे विचारण्यास तज्ज्ञ असण्याची गरज नाही. भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर पुढील तपासणीची तारीख लिहिलेली असते. ती वाचता आली म्हणजे पुरे.

येथे परदेशातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात वणव्यांची भीती मोठी. तेथील १९५४ च्या कायद्याने ग्रामीण स्थानिक संस्थांना स्वयंसेवकांची पथके स्थापण्याचा, वणवा नियंत्रण अधिकारी नेमण्याचा आणि उन्हाळ्यापूर्वी जमीनमालकांना नोटीस काढण्याचा अधिकार दिला. ठरलेल्या मुदतीत जमिनीभोवती जाळरेषा काढावयाची. न काढल्यास स्थानिक संस्था ती काढून घेते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. आपली शेते गुंठ्यांची, त्यांची शेकडो एकरांची. ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु स्थानिक संस्थेचा खरा अधिकार आग लागण्यापूर्वीच्या काळात आहे, हे त्या कायद्याने ओळखले. आपल्याकडे वनखाते जाळरेषा काढते. गावठाणाच्या आणि माळाच्या सीमेवर ती कोणी काढावयाची, याचा निर्णय ग्रामसभा करू शकते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांत जंगलाचे रक्षण हे ग्रामसभेचेच काम झाले आहे.

नोंदीविषयी थोडे आग्रहाने सांगतो. आग विझली की पंचनामा होतो आणि त्यात किती जळाले हे येते. आग कधी दिसली, बंबाला निरोप कधी गेला, तो कधी निघाला, कधी पोचला, त्यात पाणी होते काय, वाटेत काय अडले, हे येत नाही. कारणाच्या रकान्यात ‘शॉर्टसर्किट’ हा एक शब्द लिहिला की काम भागते. तारांच्या ठिणगीने ऊस जळाला असेल तर विद्युत निरीक्षकाच्या अहवालावर शेतकऱ्याची भरपाई अवलंबून असते. तेथे अंदाजाने लिहिलेला शब्द त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतो. ग्रामपंचायतीने आगीची एक साधी वही ठेवावी आणि पंचायत समितीने वर्षातून दोनदा सर्व गावांच्या वह्या समोर घेऊन बसावे. ज्या गावात बंब सतत उशिरा पोचतो ते गाव त्यात आपोआप दिसेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. अशा योजनांतून नवे केंद्र कोठे व्हावे याचा आग्रह धरावयाचा तर हाती भाषण असून चालत नाही, तारखा आणि वेळा लागतात.

२६ जानेवारीची ग्रामसभा या कामाला सोयीची आहे. आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होतो. १ मे ची सभा येते तोवर निम्म्या गंजी जळून गेलेल्या असतात. आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त गाव एकत्र आलेलेच असते, तेव्हा सकाळच्या वेळी एक प्रात्यक्षिक घेता येईल.

शेवटी बंबाच्या खर्चाची गोष्ट, कारण तिच्यापायी वेळ जातो. नगरपरिषदेचा बंब हद्दीबाहेर निघावयाचा म्हणजे कोणाची तरी परवानगी लागते, आणि पुढे शुल्काचा प्रश्न उभा राहतो. ज्याचे घर जळते आहे त्याला त्या रात्री पैशाविषयी विचारणे योग्य नाही, आणि पालिकेने दरवेळी पदरचे डिझेल घालावे हेही न्याय्य नाही. तेव्हा पंचायत समितीने नगरपरिषदेशी आणि जवळच्या कारखान्याशी वर्षारंभीच लेखी करार करावा, शुल्काचा हिशेब वर्षअखेर कार्यालयांनी आपसांत मिटवावा, आणि निरोप येताच परवानगीवाचून गाडी निघावी अशी तरतूद त्यात असावी. मसुदा ठरविण्याच्या बैठकीस बंबाचे चालक आणि फायरमन यांना अवश्य बोलवावे. कोणत्या गावाच्या वेशीत गाडी वळत नाही आणि कोणत्या ओढ्यावरचा पूल भरलेल्या गाडीचे वजन सोसत नाही, हे त्यांना ठाऊक असते.