कोंबडा ठेवायचा की नाही? आधी या 4 गोष्टी तपासा

कन्हानवरून बोलतोय. आजचा विषय तसा छोटा, पण त्यावरून शेजाऱ्यांचं बोलणं बंद होऊ शकते. घरामागं पाच-सहा कोंबड्या आहेत, तर सोबत कोंबडा ठेवायचा का?

सगळ्यात पहिले एक गैरसमज काढून टाकू. कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देत नाही, असं अजूनही लोक सांगतात. तसं काही नाही. अंडं देणं हे कोंबडीच्या शरीराचं काम आहे, कोंबडा असो की नसो. दुकानात ट्रेमध्ये मिळणारी अंडी कोंबड्याविनाच झालेली असतात. कोंबडा लागतो तो फक्त पिल्लांसाठी. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला अंडी पाहिजेत की पिल्लं? फक्त अंडी पाहिजे असतील, तर विषय इथंच संपला. कोंबड्याची गरज नाही.

आमच्या घरी विषय संपला नाही. आमच्या सहा देशी कोंबड्या. त्यातली एक खुडूक बसली, पिल्लं निघाली, त्यातलं एक पिल्लू मोठं होता होता कोंबडा निघाला. पाचव्या महिन्यात तुरा लाल झाला आणि पठ्ठ्या पहाटे साडेतीनला आरवायला लागला. भिंतीपलीकडचे काकाजी कोळसा खाणीत शिफ्टवर जातात. रात्रपाळी नसली की तेवढीच त्यांची झोप. त्यांनी भांडण नाही केलं. एवढंच म्हणाले, "तुया कोंबड्याले सायलेंटवर टाकता येते का रे बाप्पा?" मी हसलो, पण त्यांचे डोळे लाल होते. दिवसभर मशीनजवळ काम करणाऱ्या माणसाची झोप म्हणजे गंमत नाही.

मग मी चार गोष्टी तपासल्या. तुम्हीही तपासा.

पहिली, आवाज. बेल्जियमच्या संशोधकांनी 2018 मध्ये मोजमाप छापलं. कोंबड्याच्या जवळ आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. आपल्याकडं 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा आहे 45 डेसिबलची. आता कोणी म्हणेल, डब्यात झाकून ठेव. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबड्याच्या अंगात स्वतःचं घड्याळ असते. सतत मंद उजेडात ठेवलं तरी तो आपल्या वेळेलाच आरवतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. इथं तर झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही! झाकल्यानं आवाज थोडा दबतो, इतकंच. आणि ते गळ्याला पट्टा बांधायचे व्हिडिओ पाहून काही करू नका. कोंबड्यांना घाम येत नाही, त्या चोच उघडून धापा टाकून अंग थंड करतात. नागपूरच्या मे महिन्यात गळा आवळला तर पाखरू मरते.

दुसरी, हिशोब. एका कोंबड्यामागं साधारण आठ ते दहा कोंबड्या पाहिजेत. कमी असल्या की त्याच त्या कोंबड्यांवर तो सारखा चढतो. पाठीची पिसं जातात, कातडीला जखमा होतात. आमच्या दोन कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडायला लागल्याच होत्या.

तिसरी, नातं. हा कोंबडा याच कळपातला. म्हणजे माय आणि बहिणींसोबतच जोडी. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की अंडी कमी उबतात, पिल्लं कमजोर निघतात. म्हणून पिल्लं काढायची असली तरी कोंबडा बाहेरचा पाहिजे, आणि वर्षा-दोन वर्षांनी बदलायला पाहिजे.

चौथी, त्याचा फायदा. हेही प्रामाणिकपणे मोजा. घार दिसली तर कोंबडा एक आवाज काढतो, मांजर किंवा मुंगूस जमिनीवरून आलं तर दुसरा. कोंबड्या आवाज ओळखून लपतात. दाणा सापडला की आधी कोंबड्यांना बोलावतो. मोकळं रान असलं तर हे मोठं काम आहे. आमचं अंगण चारी बाजूंनी भिंतीचं, वर जाळी. राखणदाराला काम नाही.

हिशोब झाला, पण अवघड गोष्ट पुढंच होती. नाही ठेवायचा, मग करायचं काय? सोपं उत्तर म्हणजे रविवारचा रस्सा. ज्यांच्या घरी चालते, त्यांनी जरूर करावं, त्यात लाज नाही. आई म्हणाली, "हाताने दाणे चारले, माझ्याच्यानं होणार नाही." माझी मावशी रामटेक लाइनवरच्या गावात राहते. तिच्याकडं बारा कोंबड्या, शेत मोकळं, आणि कोंबडा म्हातारा झालेला. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस देऊन आम्ही तो तिथं पोहोचवला. तिनं पहिले तीन आठवडे त्याला वेगळं ठेवलं. नवीन पाखरू सरळ कळपात सोडायचं नसते, हे लक्षात ठेवा.

आता पिल्लं पाहिजे असली की आम्ही मावशीकडून आठवड्याच्या आतली फलित अंडी आणतो आणि खुडूक कोंबडीखाली दहा-बारा ठेवतो. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून पाहायचं. लाल नसांचं जाळं दिसलं तर अंडं चांगलं, स्वच्छ दिसलं तर काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. गिरिराज, वनराजसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून उबवायला एक देशी कोंबडी ठेवाच.

पण एक गोष्ट टळत नाही. दहा पिल्लं निघाली तर त्यातली जवळपास अर्धी कोंबडे असणार. हा प्रश्न मोठ्या उद्योगालाही सुटलेला नाही. अंड्यांच्या जातीची नर पिल्लं जगभर पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीनं 2022 पासून त्यावर बंदी घातली. आपल्या अंगणात कायदा आपणच. म्हणून अंडी खाली ठेवायच्या आधीच ठरवा: निघणारे कोंबडे खाणार, विकणार की कोणाला देणार? उत्तर नसेल तर ती अंडी सरळ तव्यावर टाका.

आणि ठेवायचाच ठरला, तर आधी नगर परिषदेत नियम विचारा, खुराडा शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब हलवा आणि शेजाऱ्याची शिफ्ट माहीत करून घ्या. अधूनमधून चार अंडी भिंतीपलीकडं जाऊ द्या.

तुमच्या घरी काय ठरलं, ते व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात बोलू उन्हाळ्यात कोंबड्या कशा जगवायच्या त्यावर. चला, भेटू!