तपासणीचा शिक्का आणि तपासणाऱ्याचे शिक्षण



कारखान्यातील ड्रिल यंत्र, रुग्णालयातील वॉर्मर, शाळेतील पाण्याचा कूलर यांवर ‘तपासले’ असा शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो. तो शिक्का मारणाऱ्या कामगाराला कोणते शिक्षण मिळाले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे; मुळात तो श्रमाच्या अर्थकारणाचा आहे.

प्रथम काम समजून घेऊ. पहिली तपासणी डोळ्यांची. कुरतडलेली केबल, सैल प्लग, जळकट डाग, चुकीच्या क्षमतेचा फ्यूज असे कितीतरी दोष येथेच सापडतात. मग अर्थिंगची अखंडता आणि शेवटी इन्सुलेशनची चाचणी. ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन रोध किमान १ मेगओहम भरावा, ही सर्वपरिचित कसोटी. मेगर आकडा दाखवतो. अर्थ माणसाला लावावा लागतो. उपकरणाचा स्विच बंद ठेवून चाचणी केली तर दाब स्विचपाशीच थांबतो. पलीकडची गुंडाळी तपासली जातच नाही, आणि आकडा मात्र उत्तम येतो! अर्धवट शिकलेल्या हाताने मारलेला शिक्का हा शिक्का नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, तो यामुळे.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने कामगारास माहिती, प्रशिक्षण व देखरेख पुरविण्याची जबाबदारी मालकावर टाकली. १९८९ च्या वीजविषयक नियमांतील सोळावा नियम सांगतो की, धोका टाळण्यासाठी जेथे तांत्रिक ज्ञान वा अनुभव लागतो, तेथे ते नसलेल्यास योग्य देखरेखीविना कामाला लावू नये. विशिष्ट प्रमाणपत्राची सक्ती नाही; ‘सक्षमता’ हीच कसोटी. तत्त्व उत्तम आहे. परंतु तपासणी नगावर विकली जाऊ लागली, की सर्वांत आधी बळी जातो तो डोळ्यांनी पाहण्यास लागणारा वेळ.

आपल्याकडे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी वीजमांडणीच्या कामासाठी परवानाधारक ठेकेदार, सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परवानाधारक कामगार अशी साखळी घालून दिली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी ती पुढे चालविली. मात्र दिवा, पंखा, घरगुती उपकरण बदलण्यास तीत सूट होती. भिंतीतील तारेकडे कायद्याचे जेवढे लक्ष गेले, तेवढे सॉकेटमध्ये खोचलेल्या यंत्राकडे गेले नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाच्या आगीत दहा बालके दगावली. तेव्हाही संशयाचा रोख विद्युत दोषाकडेच होता.

हे बाजार आपोआप सुधारील काय? जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, मालाचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नसेल तर निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला बाजारातून हुसकावतो. तपासणी हा नेमका तसा माल आहे. काळजीपूर्वक केलेल्या आणि उरकलेल्या तपासणीचा शिक्का सारखाच दिसतो. मग स्वस्त ठेकेदार जिंकतो. दुसरा मुद्दा गॅरी बेकर यांचा, १९६४ मधला. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते, त्यावर मालक खर्च करीत नाही. कारण शिकलेला कामगार सोडून जाऊ शकतो. खर्च कामगारावर येतो. कंत्राटी कामगाराजवळ ना बचत, ना सुटीचे वेतन! तो कसा शिकणार?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रशिक्षण मालकाच्या वा शासनाच्या खर्चाने आणि वेतनी वेळेत व्हावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री अभ्यासक्रमांना उपकरण-तपासणीच्या प्रत्यक्ष सरावाची जोड मिळावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा त्यासाठी उपयोग व्हावा. नगावर मजुरी बंद व्हावी. सदोष उपकरण नापास केल्याबद्दल कोणाचीही रोजी जाऊ नये. तपासणीच्या नोंदी कामगार संघटनेला पाहता याव्यात.

या मागण्या केवळ तपासणाऱ्यांच्या नाहीत. यंत्राला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या आहेत. ज्याला ‘नापास’ म्हणण्याचे ज्ञान आहे आणि तसे म्हणण्याचे स्वातंत्र्यही आहे, त्याच्याच ‘पास’ या शब्दाला किंमत असते. ज्ञान शिक्षणाने मिळेल. स्वातंत्र्य संघटनेनेच मिळवावे लागेल.