जेऊर ते न्यूयॉर्क : दोरा, वारा आणि घड्याळ

जेऊर स्टेशनावरून मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर. लेक अमेरिकेला निघाला, की आईचा प्रश्न ठरलेला : “तिथून पुढं किती लांब रे?”

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. मुलांच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सरळ पश्चिमेला जात नाही. उत्तरेला चढून नॉर्वे, ग्रीनलँडच्या अंगानं खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात वाकडी दिसणारी हीच वाट सर्वांत जवळची. अर्थात विमान दोऱ्यावरूनच जातं असं नाही. वादळ असेल, कुठल्या देशानं आकाश बंद केलं असेल, तर वळसा पडतोच.

थेट विमानाला जाताना साधारण पंधरा-सोळा तास लागतात, येताना बहुधा कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. परतीच्या विमानाला ते पाठीमागून रेटा देतात.

खरी गंमत घड्याळाची. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. रात्री दीडला उडालेलं विमान सोळा तासांनी उतरलं, तर तिथं त्याच दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात. इकडे जेऊरात संध्याकाळचे साडेपाच. तेव्हा आई, “पोचलो”चा फोन दुपारी आला नाही म्हणून घाबरू नका. पोरगं अजून आकाशातच आहे.