कुंभाराच्या चाकावरचे छप्पर
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



‘घर’ हा शब्द उच्चारला की आपणां परप्रांतस्थ मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे दोन घरे उभी राहतात. एक मागे राहिलेले आणि दुसरे येथे उभारलेले. आज आम्ही तिसऱ्याच एका घराविषयी बोलणार आहोत. ते वाडा नव्हे, बंगलाही नव्हे. बाहेरून पाहणाऱ्यास ते बैलगाडीवरच्या तट्ट्याच्या छपरासारखे दिसते. भिंती सरळ आणि वर अर्धगोल पाठ. त्यात तुळई नाही, वासे नाहीत आणि छपरात लोखंडाची सळईही नाही. ते आहे मातीचे, आणि कुंभाराने घडविलेले.

हे घर पाहावयाचे तर वर्ध्यास उतरावे. तेथे दत्तपूर येथील ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था देवेंद्रकुमार यांनी सत्तरच्या दशकात उभी केली. सेवाग्रामही तेथून फार दूर नाही. घराचे सामान पाच मैलांच्या परिघात मिळावे, असा विचार गांधीजींनी १९३७ साली ‘हरिजन’मध्ये मांडला होता. भिंतींपुरते ते साधते, कारण माती सर्वत्र आहे. अडते ते छपरापाशी. सागवान महाग, जंगल आटत चाललेले, सिमेंट आणि लोखंड दुरून येणारे. तेव्हा छप्परही मातीचेच करता येईल काय, हा प्रश्न या मंडळींनी कुंभारापुढे ठेवला.

उत्तर कुंभाराच्या चाकावरच होते. एक तोंड रुंद, दुसरे अरुंद, अशी शंकूसारखी पोकळ नळी करावयाची. बूड नसलेला चहाचा कुल्हड म्हणा ना! या नळ्या भट्टीत भाजून एकीचे अरुंद तोंड दुसरीच्या रुंद तोंडात बसवीत गेले की त्यांची माळ होते. दोन भिंतींवर कमानीचा साचा ठेवावयाचा, दोन्ही बाजूंनी माळ चढवीत आणावयाची आणि माथ्यावर मिळवावयाची. एक कमान पुरी झाली की साचा पुढे सरकवून तिच्याशेजारी दुसरी. वरून गिलावा, की छप्पर तयार.

हे पडत कसे नाही, अशी शंका साहजिक आहे. घरी गेल्यावर गळ्यातील साखळी दोन्ही टोकांना धरून सैल सोडा. तिला जो बाक येतो तोच उलटा केला की उभ्या कमानीचा उत्तम आकार मिळतो, हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली सांगून ठेवले आहे. लोंबत्या साखळीत केवळ ताण असतो, तर उलट्या कमानीत केवळ दाब. भाजलेली माती दाब सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. सपाट छपराच्या खालच्या अंगास ताण पडतो, म्हणून तेथे लोखंड घालावे लागते. छप्पर वाकविले की त्या लोखंडाचे कामच उरत नाही. इटलीतील राव्हेन्ना येथे सान व्हिताले नावाचे चर्च आहे. ५४७ साली त्याचे अर्पण झाले. त्याचा घुमट अशाच एकीत एक बसविलेल्या मातीच्या नळ्यांचा आहे आणि तो अद्याप उभा आहे.

पण कमानीचा स्वभाव पाय पसरण्याचा. ती भिंतींना बाहेर ढकलते. म्हणून भिंत जाड हवी, नाही तर दोन्ही भिंती आडव्या बंधाने जखडाव्या लागतात. येथे हयगय चालत नाही.

आता रायपूरकडे वळू. तात्यापारा, ब्राह्मणपारा, पुरानी बस्ती या भागांतील खपरेलीची घरे ज्यांनी पाहिली, त्यांना वैशाखातील त्यांचा गारवा सांगावयास नको. छत्तीसगढी माणूस छपराला ‘छानी’ म्हणतो. त्या छानीला दरसाल शाकारणी लागे, आणि वानरांची एक टोळी येऊन गेली की सारी मेहनत वाया! वर स्लॅब आला तेव्हा गृहिणींनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो अगदी रास्त होता. परंतु पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की तोच स्लॅब रात्री उशिरापर्यंत अंगावर ऊब सोडतो. नळ्यांच्या छपरात मात्र पोकळीतील हवा कोंडलेली राहते आणि उन्हाला सहसा आत शिरू देत नाही. शिवाय वानरांनी उचलावे असे सुटे कौलही त्यावर नसते.

मग अशी घरे गावोगाव का दिसत नाहीत? लोक मूर्ख म्हणून नव्हे. या घरावर दुसरा मजला चढत नाही. शहरातील चिंचोळ्या भूखंडावर मुलाच्या लग्नानंतर वर खोली काढावयाची असते. तेथे हे छप्पर निरुपयोगी, असे आम्ही स्पष्ट म्हणू. गोल पाठीवर पापड, सांडगे वाळत घालावयासही सोय नाही! आणि मुख्य म्हणजे, ‘पक्के घर’ या शब्दाचा अर्थच लोकांच्या मनात सपाट स्लॅब असा होऊन बसला आहे. २०१६ साली ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली, तेव्हा मैदानी मुलखात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा असे तिचे मान होते. एवढ्या एकमजली घरापुरते कुंभाराचे छप्पर पुरेसे आहे, असे आमचे मत आहे. सिमेंट-लोखंडाला दिलेला पैसा गावाबाहेर जातो. नळ्यांचा पैसा कुंभारवाड्यात राहतो. त्या घराची डागडुजीही गावातला माणूसच करू शकतो.

कुंभार येथेही आहेत. आपण पोळा म्हणतो तो येथला ‘पोरा’. त्या दिवशी मातीचे नांदिया बैल आणि मुलींच्या खेळातील जाती-चुली बाजारात मांडलेली असतात. दिवाळीत पणत्या येतात. एरवी चाक बरेच दिवस थांबलेले असते. आपल्यापैकी कोणी शहराबाहेर शेतावर खोली किंवा एखादी छोटी धर्मशाळा बांधणार असेल, तर त्यांनी येथल्या एका कुंभारास आणि एका गवंड्यास सोबत घेऊन गाडीत बसावे. नागपूर सोडल्यावर तासाभरातच वर्धा येते.