पावतीवरची पुसट खूण

(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

मी बिबवेवाडीतल्या एका ऑफसेट छापखान्यात डीटीपीचं काम करते. बचत गटाची पावती पुस्तकं, शाळेची प्रमाणपत्रं, मार्केट यार्डातल्या आडत्यांच्या पट्ट्या असलं काम आमच्याकडे रोजचं. त्यातली एक बाब आज सांगणार आहे. वॉटरमार्क, म्हणजे मजकुराच्या मागे दिसणारी पुसट खूण. तिला शाई किती लागते आणि ती छपाईआधी कशी तपासायची, एवढाच आजचा विषय.

आधी एक फरक समजून घेऊ. शंभराची नोट उजेडासमोर धरा. कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा दिसतो. तो शाईचा नसतो. कागद तयार होताना, लगदा ओला असतानाच कुठे जाड, कुठे पातळ थर ठेवून तो उमटवतात. ही युक्ती इटलीतल्या फाब्रियानोच्या कागद कारागिरांनी तेराव्या शतकात काढली. आपल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापतात, पण ही खूण छापखान्यात येण्याआधीच कागदात असते.

आपल्या पावतीवरचा वॉटरमार्क तसा नाही. तो साध्या कागदावर फिकट शाईने छापलेला असतो. खरं तर शाई फिकट नसतेच. शाई तीच काळी किंवा निळी, फक्त ती बारीक ठिपक्यांनी बसते. ठिपके लहान आणि मधली जागा मोकळी, म्हणून डोळ्याला रंग पुसट दिसतो. शंभर भाग जागेपैकी दहा भागांवर शाई, याला आम्ही दहा टक्के म्हणतो. भिंग लावून पाहिलंत तर ठिपके मोजता येतील.

आता गोम इथे आहे. स्क्रीनवर जे दहा टक्के दिसतात ते कागदावर दहा राहत नाहीत. मशीनचा दाब पडतो, कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो. आर्ट पेपरवर कमी पसरतो. पावती पुस्तकाला वापरतात त्या मॅपलिथोवर जास्त. दहाचा ठिपका पंधराच्या आसपास दिसू शकतो. उलट दोन-तीन टक्क्यांचा ठिपका प्लेटवर टिकेलच असं नाही, मग खूण तुटक येते. म्हणून काळ्या शाईत मी साधारण पाच ते आठ टक्क्यांवर ठेवते. पिवळ्यासारखा उजळ रंग असेल तर थोडं जास्त चालतं.

एवढ्या बारकाईची गरज काय, असं वाटेल. आमच्या भागातल्या एका बचत गटाचं ऐका. त्यांनी दुसरीकडून पावती पुस्तकं छापून घेतली. मधोमध गटाचं मोठं चिन्ह, दिसायला छान. पण ते नेमकं रकमेच्या रकान्यावर आलं होतं आणि गडद होतं. कर्जाच्या फाइलला पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, तर ३ आहे की ८ कळेना. फाइल परत आली. अध्यक्ष काकूंनी आणि दोन ताईंनी चार संध्याकाळी बसून वहीवरून सगळा हिशेब पुन्हा उतरवला. एका ताईच्या शिलाई मशीनचं कर्ज तेवढ्यासाठी लांबलं. पट्टीचंही तसंच. शेतकऱ्याच्या हातात मालाचा भाव सांगणारा तोच एक कागद असतो. त्यावरचा आकडा वाचता आला नाही तर भांडायचं कशाच्या जोरावर?

म्हणून छापायला देण्याआधी पाच गोष्टी करा.

पहिली, डीटीपीवाल्याला विचारा, खूण एकाच शाईत आहे ना? पुष्कळदा करडा रंग नकळत चार रंगांत विभागला जातो. मग एखादा रंग जरा सरकला किंवा वाढला की खूण गुलाबी नाहीतर हिरवट दिसते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडला की माउस नेऊ तिथली प्रत्येक शाईची टक्केवारी दिसते. ती तुम्हाला दाखवायला सांगा. यात संकोच कसला?

दुसरी, खूण फोटोवर किंवा रंगीत पट्टीवर येत असेल तर चारही शाईंची बेरीज बघा. आर्ट पेपरवर ती तीनशेच्या आसपास थांबलेली बरी, साध्या कागदावर त्याहून कमी. जास्त झाली की शाई लवकर वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतो.

तिसरी, प्रूफ त्याच कागदावर मागा. चकचकीत कागदावरचं प्रूफ बघून मॅपलिथोचा अंदाज येत नाही.

चौथी, त्या प्रूफवर नेहमीच्या बॉलपेनने रक्कम लिहा. झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा. मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सगळीकडे आकडा स्वच्छ वाचता आला तरच प्रूफवर सही करा आणि एक सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे वाद झाला तर तीच कामाला येते.

पाचवी, माल ताब्यात घेताना वरचं एकच पुस्तक बघू नका. शाई छपाईच्या ओघात कमी-जास्त होते. सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं, अशी तीन पुस्तकं उघडून सही केलेल्या प्रतीशेजारी ठेवा.

आणि खूण शक्यतो रकमेच्या रकान्यापासून बाजूला घ्या. याला पैसे पडत नाहीत.

एक गैरसमजही काढून टाकू. छापलेल्या वॉटरमार्कने खोटी पावती थांबत नाही. स्कॅनर असेल त्याला तो उचलता येतो. खरा आधार म्हणजे पुस्तकाचा अनुक्रमांक, स्थळप्रत आणि सही. खूण फक्त कागद कोणाचा ते सांगते.

ऐकणाऱ्या मुलींपैकी कुणाला यात गोडी वाटली, तर जवळच पर्वतीला, पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकी शिकवली जात आली आहे. तिथे चौकशी करा. नुसतं डीटीपी शिकायचं असेल तर बारावीनंतरही सुरुवात होते. नजर बारीक असलेल्या बाईला या धंद्यात काम मिळतं.

तुमच्या गटाचं पुस्तक संपत आलं असेल तर नवं छापायला देण्याआधी जुन्या पावतीची एक झेरॉक्स काढून बघा. काय बदलायचं ते तीच सांगेल.