आजची भाकर, आजचे बळ

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पणदऱ्याच्या एस.टी. थांब्यावर मी उभा होतो. शेजारी उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या घेऊन एक गृहस्थ टेम्पोची वाट पाहत बसले होते. ते तालुक्याच्या जिरायत भागातले. आमच्या पणदऱ्याला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, म्हणून ऊस आहे आणि म्हणून वाढे आहेत. त्यांच्याकडे ते नाही. बोलता बोलता मी ख्रिस्ती आहे आणि कॉलेजात शिकवतो हे त्यांना समजले. मग ते म्हणाले, "सर, तुमच्यात म्हणतात देव बळ देतो. आमच्या हिरीला दोन वर्षं पाणी न्हाई. ते बळ कुठं घालायचं सांगा."

मी काहीतरी पुस्तकी बोललो. एम.ए. झालेल्या माणसाची ती खोडच असते. गाडी आली म्हणून सुटलो. पण तो प्रश्न घरापर्यंत माझ्यामागे आला.

त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव आहे, आणि तिथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० नंतरच्या दुष्काळी दिवसांत आईवडील उपासमारीने गेले, मोठी बहीण गेली. १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती. हाती उरली एक तान्ही मुलगी, मनोरमा. १८८३ साली डॉक्टर व्हावे या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण कानांनी नीट ऐकू येत नव्हते, त्यामुळे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला.

या कानांपाशी मला थोडे थांबायचे आहे. पौलाच्या पत्रात एक प्रसंग आहे. शरीरातला एक काटा निघावा म्हणून तो प्रभूजवळ तीनदा मागणे करतो. काटा निघत नाही. उत्तर मिळते ते एवढेच की, तुझ्या दुबळेपणातही माझी कृपा तुला पुरेल. तरुणपणी हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटे, खरे सांगतो. रमाबाईंचे आयुष्य वाचल्यावर ते तसे वाटेनासे झाले. त्यांचे कान बरे झाले नाहीत. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पदरी पैसा बेताचा. अमेरिकेतल्या मित्रांनी त्यांच्या शारदा सदनाला दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. ती मुदतही संपत आली होती. एवढ्या तोंडांना उद्या काय घालायचे याचा हिशेब कागदावर जुळण्यासारखा नव्हता.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायची ती आजची. वर्षाचे धान्य मागायला त्याने शिकवले नाही. शेतकऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, कारण कणगी भरल्याशिवाय त्याला झोप येत नाही, आणि ते रास्तच आहे. केडगावला मात्र कितीतरी दिवस असे आजच्या भाकरीवरच निघाले. आणि तिथे कोणी हात जोडून नुसते बसलेले नव्हते. विहिरी खोदल्या गेल्या. शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवत. पहाटे प्रार्थना, आणि मग ज्याचे त्याचे काम.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतराचे ते काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका. ज्यांच्यातल्या कितीतरी जणी दुष्काळात सापडलेल्या, पूर्वी अक्षरही न पाहिलेल्या!

काम आटोपत आले, आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचा उजवा हात गेला. पुढे मुक्तीचा भार तिच्यावर सोपवायचा, असे ठरलेले. त्यानंतरही रमाबाई रोज मुद्रिते तपासायला बसत. काम पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

पावसाळ्याच्या तोंडावर ते गृहस्थ पुन्हा त्याच थांब्यावर भेटले. विहीर कोरडीच होती. मी त्यांना हे सगळे सांगितले, जमेल तसे. त्यांनी एकच विचारले, "मग बाईंचं कान झालं का बरं?"

"नाही," म्हटले, "शेवटपर्यंत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आन् तरी बसायच्या कामाला." इतक्यात टेम्पो आला. मोळ्या जड होत्या. एका बाजूने मी हात लावला.