निसर्गोद्यानातील स्वयंसेवक

धारावीनजीक मिठी नदीकाठी आज जेथे गर्द झाडी आहे, तेथे पूर्वी मुंबईचा कचरा टाकला जात असे. त्याच भूमीवर वृक्षारोपण होऊन १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. अशा उद्यानात मुलांना हिंडवणाऱ्या स्वयंसेवकाचे केवळ झाडांची नावे सांगून भागत नाही. नावे फलकावरही असतात. त्याने पालापाचोळा उकरून खालची ओलसर माती आणि तीतील गांडूळ दाखवावे. पानांची माती होते, मग प्लॅस्टिकची का नाही, हे मूल मग आपणहून विचारते. यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो नियमितपणा. ठरल्या रविवारी स्वयंसेवक आलाच नाही, तर दाराशी ताटकळलेली मुले पुढच्या रविवारी येतीलच, असे नाही.